नेहेते मॅडमचं एक वाक्य

भुसावळची बस किती वाजता आहे, असं कुणी विचारलं तर नेहेते मॅडम म्हणायच्या, "साडेचार. प्लस-मायनस पंचवीस मिनिटं."

विचारणारा हसायचा. त्यात हसण्यासारखं काय आहे ते मॅडमना कळायचं नाही. एकदा मी त्यांना म्हटलं, "मॅडम, नुसतं साडेचार म्हणा ना. पुढचं लोकांना ठाऊक असतं." त्यांनी चष्मा काढला, ओढणीच्या टोकानं पुसला आणि शांतपणे म्हणाल्या, "सर, नुसतं साडेचार म्हटलं तर ते खोटं होईल. गाडी साडेचारला कधी आलेली मी पाहिलेली नाही."

पोरांनी त्यांचं नाव 'प्लस-मायनस मॅडम' ठेवलं होतं. त्यांना ते माहीत होतं. आवडतही असावं.

वसुधा नेहेते आमच्या कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायच्या. रावेर तालुक्यातलं, चारही बाजूंनी केळीच्या बागांनी वेढलेलं हे कॉलेज. मी मराठीचा. माझी नोकरी कायम होती, त्यांची तासिका तत्त्वावरची. म्हणजे जितके तास शिकवाल तितक्याचं मानधन, आणि दरवर्षी जूनमध्ये पुन्हा बोलावण्याची वाट बघायची. आमच्या सगळ्या स्टाफमध्ये देशातल्या नामांकित संशोधन संस्थेतून डॉक्टरेट घेऊन आलेल्या त्या एकट्याच होत्या, आणि कायम नसलेल्याही त्याच. त्याबद्दल त्या कधी बोलायच्या नाहीत. दुपारी डबा उघडायच्या, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि काहीतरी कोरडी भाजी, वर घरच्या बागेतलं एक केळ. ते त्या उभ्यानंच खायच्या, आणि खाता खाता खिडकीतून बाहेर बघत बोटांनी हवेत कसली तरी आकडेमोड करायच्या.

त्यांची आणखी एक सवय होती, ती मला फार आवडायची. शिकवताना त्या उदाहरणं खूप द्यायच्या, पण प्रत्येक उदाहरणानंतर थांबून सांगायच्या, "हे इथपर्यंतच खरं आहे. याच्या पुढं नेलंत तर चुकाल."

माझा त्यांच्या विषयाशी काही संबंध नाही. तरी त्यांनी मला न्यूट्रिनो समजावला होता, एसटीच्या बसवरून. "समजा, जळगावहून धुळ्याला जाणारी बस निघाली. निघताना तिच्या कपाळावर धुळ्याची पाटी आहे. एरंडोलला तुम्ही ती बघितली, तर पाटी शिरपूरची. पारोळ्याला बघितली, तर तिसऱ्याच गावाची. कुणी पाटी बदललेली नाही. बस तीच, पण चालता चालता तिची पाटी आपोआप बदलत जाते, आणि पुन्हा पहिलीही होऊ शकते. न्यूट्रिनोच्या अशा तीन जाती आहेत. सूर्यातून तो एका जातीचा निघतो आणि आपल्यापर्यंत येईतो दुसऱ्याच जातीचा झालेला असू शकतो." मी मान डोलावली. लगेच त्या म्हणाल्या, "हे इथपर्यंतच खरं. बसला एका वेळी एकच पाटी असते. न्यूट्रिनोचं तसं नाही. बघेपर्यंत तो तिन्ही असतो, कमी-जास्त प्रमाणात."

"आणि याचं काय करायचं, मॅडम?" मी विचारलं होतं. मराठीच्या माणसानं विचारावा तसा प्रश्न.

त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "सर, विश्व झालं तेव्हा जेवढं द्रव्य होतं, तेवढंच त्याच्या उलटं प्रतिद्रव्य होतं, असं मानतात. दोघं भेटली की दोघंही संपतात, फक्त उजेड उरतो. सगळं अगदी बरोबरीचं असतं, तर आज केळी नसती, तुम्ही नसता, मी नसते. पण थोडंसं द्रव्य उरलं. ते का उरलं? निसर्गानं कुठंतरी डावं-उजवं केलं. कुठं केलं? काहींना वाटतं, ते न्यूट्रिनोत सापडेल. न्यूट्रिनो जसा पाटी बदलतो, तसाच त्याचा उलटा भाऊ बदलतो का, की थोडा वेगळा? तो थोडासा फरक मोजायचा आहे."

"सापडला?"

"अजून नाही. वाटतंय, पण वाटण्याला किंमत नाही."

हे सांगताना त्यांचा चेहरा कसा व्हायचा, ते मला लिहिता येत नाही. एरवी साधा, थोडा ओढलेला चेहरा. त्या वेळी तो एखाद्या लहान मुलीचा व्हायचा.

या फरकाच्या मागे त्यांची तरुणपणची वर्षं गेली होती. दक्षिणेत एका डोंगराच्या पोटात मोठी प्रयोगशाळा होणार होती. हजारो टन लोखंडाच्या पत्र्यांचं यंत्र तिथं उभं राहणार होतं. ते यंत्र उभं राहिलं तर काय काय दिसेल, याचं गणित मॅडमनी मांडलं होतं. तीच त्यांची डॉक्टरेट. आई गेली, वडील एकटे पडले, म्हणून त्या गावी परत आल्या, पण मनात धरून आल्या होत्या, की प्रयोगशाळा सुरू झाली की दर सुट्टीत तिकडं जायचं. प्रयोगशाळा काही सुरू झाली नाही. कधी परवानग्या, कधी कोर्ट, कधी तिथल्या गावकऱ्यांचा विरोध. सुरुवातीला त्या म्हणायच्या, "यंदा होईल." मग म्हणायला लागल्या, "होईल." मग काहीच म्हणेनाशा झाल्या. एकदा फक्त एवढं बोलल्या, "सर, मी न झालेल्या यंत्रानं न घेतलेल्या नोंदींची तज्ज्ञ आहे."

गावकऱ्यांवर मात्र त्यांचा राग नव्हता. शिकत असताना त्या तिथं जाऊन आल्या होत्या, लोकांशी बोलायला. एका म्हातारीनं त्यांना दुभाष्यामार्फत विचारलं होतं, "तुमचा तो कण कुणाला काही करत नाही म्हणता, तर मग डोंगर कशाला फोडता?" मॅडमना तो प्रश्न इतका आवडला होता, की मला त्यांनी तो तीन-चार वेळा सांगितला असेल. "मी त्यांना म्हटलं, आजी, भर बाजारात कुजबुज ऐकू येत नाही. डोंगराखाली बाकीचा गलका थांबतो. म्हातारीला पटलं. पण तोवर फार उशीर झाला होता. लोकांना आधी कुणी बसून सांगितलंच नव्हतं. घाबरणाऱ्या माणसाची चूक नसते, सर."

प्रयोगशाळा नाही तर नाही, म्हणून त्यांनी कॉलेजच्या गच्चीवर एक लहानसं यंत्र उभं केलं. संस्थेतल्या जुन्या सहकाऱ्यांनी टाकून दिलेले भाग मागवले, काही पदरचं घातलं. वरखाली ठेवलेल्या दोन काळ्या पाट्या, प्रकाशाचा कणही आत जाणार नाही अशा गुंडाळलेल्या, आणि एक लहान डबा. आकाशातून येणारा कण दोन्ही पाट्यांतून गेला, की डबा 'टक्' करायचा. हा न्यूट्रिनो नव्हे, हे त्या प्रत्येकाला सांगायच्या. हा त्याच्याबरोबर जन्मणारा दुसरा कण. "न्यूट्रिनो आपल्याला दिसायचा नाही. पण हा दिसला, की समजायचं, तोही आत्ता इथून गेला."

यंत्र सुरू झालं त्या दिवशी त्यांनी वडिलांना आणलं. नाना नेहेते पंचाहत्तरीचे, पांढरं धोतर, टोपी, हातात काठी. आयुष्यभर केळी केली, आता शेती मुलाकडं, सुनीलकडं. नाना काठी टेकत तीन जिने चढून गच्चीवर आले आणि त्या डब्याजवळ खुर्चीवर बसले. टक्. टक्टक्. मग थोडी शांतता. टक्.

"कोन येऊन राह्यलं, वसू?" नानांनी विचारलं.

"आभाळातून येऊ राह्यले, नाना."

"मले तं कोनी दिसत नाही."

"दिसत नाही. पन तुमच्या आरपार जाऊ राह्यले."

नानांनी स्वतःच्या छातीकडं बघितलं. मग आभाळाकडं. मग टोपी काढून मांडीवर ठेवली, जणू कुणी मोठं माणूस घरी आलंय. बराच वेळ ते तसेच ऐकत बसले. उठताना म्हणाले, "रोज येत असतीन तं मले रोज आनत जाय." पुढं ते खरोखर अधूनमधून यायचे. शिपाई त्यांना खुर्ची द्यायचा, आणि नाना ऊन चढेपर्यंत त्या टक्टक् जवळ बसून राहायचे.

हे सगळं असंच चाललं असतं तर मला त्यांच्यावर लिहायची वेळ आली नसती.

विज्ञान दिनाला मॅडमचं भाषण ठेवलं होतं. पालकांनाही बोलावलं होतं. हॉल भरलेला. पहिल्या रांगेत नाना. मॅडम व्यासपीठावर आल्या त्या हातात केळ घेऊन. सोलायला सुरुवात केली, तसा हॉल हसला. त्या म्हणाल्या, "या केळ्यात किरणोत्सार आहे." थोडं थांबल्या. लोक चपापले. त्या पुढं म्हणाल्या, "केळ्यात पोटॅशियम असतं. त्यातला अगदी थोडा भाग किरणोत्सारी असतो, निसर्गतःच. तो कुणालाही अपाय करत नाही. तुमच्या-माझ्या अंगातही तोच आहे. पहिल्या रांगेत बसलेल्या माझ्या वडिलांच्या अंगातही आहे. आणि त्यातून या क्षणी न्यूट्रिनोचे उलटे भाऊ बाहेर पडताहेत. जगातले शास्त्रज्ञ ज्यांच्यासाठी डोंगर पोखरतात, ते आपल्या रावेर-सावद्याच्या प्रत्येक ट्रकमधून दिल्लीला चाललेत." मग केळ खाल्लं. टाळ्या पडल्या. नाना बाजूच्याला सांगत होते, "माझी पोरगी."

ते मी ऐकलेलं त्यांचं सगळ्यात सुंदर भाषण.

दोन-तीन दिवसांत मोबाइलवर एक क्लिप फिरायला लागली. त्यात मॅडम केळ हातात धरून म्हणतात, "या केळ्यात किरणोत्सार आहे." क्लिप तिथंच संपते. खाली मथळा: 'केळी खाणाऱ्यांनो सावधान, केळीच्या गावातल्याच प्राध्यापिकेची कबुली.' कुणी कापली, कुणी टाकली, ते अखेरपर्यंत कळलं नाही. मग ती हिंदीत मथळा लावून फिरली. मग कुणीतरी त्यात भीतीदायक संगीत घातलं.

ते कापणीचे दिवस होते. केळीचा भाव आधीपासूनच उतरायला लागला होता, तो आणखी उतरला. व्यापारी म्हणाले, वर दिल्लीकडच्या बाजारात मागणी नाही, क्लिपमुळं लोक केळी घेत नाहीत. खरं-खोटं देव जाणे. मॅडम म्हणाल्या, "भाव क्लिपच्या आधीच पडायला लागला होता. आधी घडलेल्या गोष्टीचं कारण नंतरची गोष्ट कशी असेल?" हे त्या मला म्हणाल्या. बाहेर हे ऐकून घेणारं कुणी नव्हतं. कापणीला आलेल्या बागेत घड झाडावरच पिवळे पडत होते. सुनीलच्या बागेतला माल न्यायला कुणी येईना. व्यापाऱ्यानं त्याला तोंडावर सांगितलं, "तुझ्या बहिणीचाच व्हिडिओ आहे, तुझा माल तर मी हातात धरणार नाही."

एका सकाळी प्राचार्यांच्या केबिनमध्ये सगळे जमले. दहा-बारा शेतकरी, दोन-तीन व्यापारी, सुनील, आणि कोपऱ्यातल्या खुर्चीत नाना. मला मॅडमनी बोलावून घेतलं होतं, "सर, जरा बरोबर या," एवढंच म्हणून.

प्राचार्य म्हणाले, "मॅडम, वाद वाढवायचा नाही. आपण एक नवा व्हिडिओ करू. तुम्ही फक्त एवढं म्हणा, केळ्यात रेडिएशन नसतं. विषय संपला."

"सर, असतं. पण त्यानं काहीही अपाय..."

एक व्यापारी मधेच म्हणाला, "पण नको, मॅडम. पणच्या पुढचं कुणी ऐकत नाही. मागच्या वेळी बघितलं ना?"

त्याचं म्हणणं चूक नव्हतं, आणि तेच वाईट होतं.

मॅडम म्हणाल्या, "मी अपाय नाही असं हजारदा म्हणते. कॅमेऱ्यासमोर डझनभर केळी खाते. पण नाहीच असं कसं म्हणू? मी फिजिक्स शिकवते."

"ताई," सुनील म्हणाला. तो तोवर खाली बघत उभा होता. "तू फिजिक्स शिकव. मी काही म्हणत नाही. पण बागेत जाऊन बघ एकदा. वर्षभराचं काम झाडावर सडतंय. लोकांच्या बागा तुझ्यामुळं सडताहेत असं लोक मला म्हणताहेत. मी काय उत्तर देऊ?"

मॅडम त्याच्याकडं बघत राहिल्या.

तेव्हा नाना उठले. त्यांना उठताना त्रास व्हायचा, काठीवर भार टाकून ते हळूहळू उभे राहिले. नाना मुलीजवळ आले आणि अगदी हळू, घरात बोलावं तसं म्हणाले, "वसू, म्हनून टाक व. तुझ्या म्हनल्यानं केळ थोडंच बदलीन?"

मी मॅडमच्या अगदी शेजारी होतो. नानांचं वाक्य ऐकल्यावर त्यांनी डोळे मिटले. मला वाटतं, त्यांना त्या वाक्यात चूक सापडत नव्हती. केळ खरंच बदलणार नव्हतं. निसर्गाला माणसाच्या बोलण्याशी काही देणंघेणं नसतं, हे तर त्याच शिकवायच्या. मग त्यांनी डोळे उघडले, वडिलांकडं बघितलं, आणि म्हणाल्या, "कुठं उभी राहू?"

भिंतीजवळ उभं केलं त्यांना. कुणीतरी हातात केळ दिलं. मोबाइल धरला.

"केळ्यात किरणोत्सार नसतो," मॅडम म्हणाल्या.

"जरा मोठ्यानं, मॅडम. पंख्याचा आवाज येतोय."

पंखा बंद केला. त्यांनी पुन्हा म्हटलं.

"आता हसून म्हणा ना. घाबरून म्हटल्यासारखं वाटतंय."

त्यांनी हसून म्हटलं.

स्टाफरूममध्ये आल्यावर त्यांनी पाणी प्यायलं, ग्लास धुऊन पालथा ठेवला. मी म्हटलं, "जाऊ द्या मॅडम. एक वाक्य होतं." त्या म्हणाल्या, "सर, मी ज्याच्या मागं आहे ना, तो इतका कमी बोलतो, की त्याच्याबद्दलचं एक वाक्य खरं की खोटं ठरवायला माणसांची आयुष्यं जातात. अशी माणसं मी बघितली आहेत. वाक्य मिळायच्या आधीच गेलेली." एवढं बोलून त्या तासाला गेल्या.

त्या व्हिडिओनं काही झालं नाही. भाव पुढं कधीतरी आपोआप चढला, जसा दरवर्षी चढतो-उतरतो. कुणाच्या वाक्यानं तो पडला नव्हता, कुणाच्या वाक्यानं चढलाही नाही. पण तोच व्हिडिओ वेगळ्याच ठिकाणी पोचला. देशभरातल्या पदार्थविज्ञानवाल्यांच्या ग्रुपवर तो विनोद म्हणून फिरला. पीएचडी असलेली बाई म्हणते, केळ्यात किरणोत्सार नसतो. हसणारे चेहरे, टाळ्या. मॅडमचे जुने मार्गदर्शक आता निवृत्त झाले आहेत. त्यांचा फोन आला. मॅडमनी मला ते सांगितलं तेव्हा आम्ही गच्चीच्या जिन्यात उभे होतो.

"माझे सर रागावले असते तर बरं झालं असतं," त्या म्हणाल्या. "त्यांनी माझी तब्येत विचारली."

जुन्या सहकाऱ्यांच्या ऑनलाइन बैठकीला त्या दर महिन्याला बसायच्या. ते त्यांनी बंद केलं.

गच्चीवरचं यंत्रही काढावं लागलं. पालकांच्या तक्रारी आल्या होत्या, की कॉलेजच्या डोक्यावर रेडिएशनचं मशीन आहे. मॅडमनी एकदाच सांगून बघितलं, की हे काही सोडत नाही, वरून येणारं फक्त मोजतं. मग त्यांनी स्वतःच स्क्रू काढले, पाट्या चादरीत गुंडाळल्या आणि प्रयोगशाळेच्या मागच्या खोलीत, मोडक्या बाकांच्या पलीकडं ठेवून दिल्या.

नानांना हे कुणी सांगितलं नव्हतं. एप्रिलच्या एका सकाळी ते गच्चीवर आले. मॅडम तासावर होत्या, शिपायानं मला बोलावलं. मी वर गेलो तर नाना पाण्याच्या टाकीच्या सावलीत उभे, धाप लागलेली.

"कुठी गेलं हो ते?"

मी सांगितलं.

नाना टाकीच्या कठड्यावर बसले. मग म्हणाले, "मीच म्हनलं तिले. मले वाटलं, एक वाक्य तं व्हय. तं आता पहा सर, ती घरात माझ्याशी बराबर बोलते. वाढते, दवाई देते, पाय दाबून देते. राग बिलकूल नाही. पन पह्यले कसं, जेवता जेवता काही बी सांगत जाय. हे असं, नाना, ते तसं. आन् मग म्हने, हे इथलोकच खरं बरं, नाना. आता सांगतच नाही काही. मी इचारतो, तं म्हनते, जाऊ द्या नाना, तुमच्या काय कामाचं."

त्यांनी टोपी काढली आणि डोळे पुसले. मी त्यांना जिना उतरायला हात दिला. पुन्हा ते कॉलेजात आले नाहीत.

जून आला. तासिका तत्त्वावरच्या माणसाला काढून टाकावं लागत नाही. बोलावलं नाही की झालं. मॅडमना बोलावलं नाही. विचारलं तर प्राचार्य म्हणाले, फिजिक्सला यंदा प्रवेशच नाहीत, वर्ग बंद करावा लागतोय. तेही खरंच होतं. त्याला आम्ही काय म्हणणार? आम्ही कायम नोकरीचे लोक दोन दिवस हळहळलो आणि नव्या वेळापत्रकाच्या मागे लागलो.

श्रावणात नाना गेले, झोपेतच. दहाव्याला मी गेलो होतो. मॅडम ओटीवर बायकांत बसल्या होत्या. एक पाहुणे, चांगल्या मनानं, त्यांना म्हणाले, "वसुधाताई, तुम्ही तर एवढ्या शिकलेल्या. तुमचं सायन्स काय म्हणतं, माणूस गेल्यावर कुठं जातो?" एरवी त्यांनी त्यावर तासभर बोलावं अशी गोष्ट. त्या म्हणाल्या, "माहीत नाही." आणि पदर सावरून पुन्हा खाली बघत बसल्या.

पुढं कळलं, की त्या धुळ्याला गेल्या. तिथं देवपुरात मेडिकलच्या प्रवेश परीक्षेच्या मोठ्या क्लासमध्ये त्यांना काम मिळालं होतं. सुनीलनं अडवलं नाही, त्यांनीही कुणावर राग धरला नाही. घरातून जाताना फक्त पुस्तकं न्यायची राहिली, असं सुनील म्हणाला, आणि नंतरही ती त्यांनी मागितली नाहीत.

गेल्या हिवाळ्यात एका लग्नासाठी मी धुळ्याला गेलो, तेव्हा वाट वाकडी करून त्यांना भेटलो. क्लास दुसऱ्या मजल्यावर, खाली औषधांचं दुकान आणि चहाची टपरी. त्या खाली आल्या. केस बरेच पांढरे झाले होते. दोन वर्गांमधल्या सुट्टीत त्यांना थोडा वेळ होता.

टपरीवाला माझ्याकडं बघत अहिराणीत म्हणाला, "आज पाव्हना उनात वाटस, मॅडम."

"आमच्या कॉलेजचे सर आहेत," त्या म्हणाल्या. 'आमच्या' म्हणाल्या ते मला लागलं.

मी पेपरात वाचलेलं विचारलं. परदेशात कुठंतरी डोंगराखाली न्यूट्रिनोचं नवं मोठं यंत्र सुरू झालं आणि त्याची पहिली मोजणी बाहेर आली, अशी बातमी होती. "तुम्ही वाचलंत का?"

"वाचलं," त्या म्हणाल्या. त्यांचा चेहरा क्षणभर उजळला. "फार चांगली मोजणी आहे, सर. आम्ही जे वीस वर्षांत करू म्हणत होतो, ते त्यांनी थोडक्या दिवसांत केलं. मला आनंद झाला. खरंच झाला. उत्तर कुणालाही सापडलं तरी ते सगळ्यांचंच असतं." चहाचा कप त्यांनी दोन्ही हातांत धरला. "पण मग कळेना, कुणाला सांगू. शेजारच्या काकू वाळवण काढत होत्या. त्यांना म्हटलं, काकू, आज फार चांगली बातमी आहे. त्या धावत आल्या. म्हणाल्या, लग्न ठरलं का गं?"

आम्ही दोघं हसलो. मी हसत होतो आणि त्या थांबल्या होत्या, हे मला थोड्या उशिरा लक्षात आलं.

"परत यंत्र लावा ना, मॅडम," मी म्हटलं. "इथं गच्ची असेलच."

"नको," त्या म्हणाल्या. आवाजात कडवटपणा नव्हता. "मोजलं की ते कुणाला तरी सांगावंसं वाटतं. आणि सांगायला गेलं की..." वाक्य त्यांनी तसंच सोडलं. वर घंटा झाली. त्या उठल्या, टपरीवाल्याकडं पैसे देऊ लागल्या, मी दिले म्हटल्यावर ठीक आहे म्हणाल्या, आणि जिना चढायला लागल्या.

आधी वर निरोप द्यायला गेलो तेव्हा माझी पिशवी तिथल्या बाकावर राहिली होती, म्हणून मी त्यांच्या मागोमाग गेलो. पिशवी घेऊन निघताना वर्गाच्या दाराची काच दिसली. आत शंभरावर पोरं असतील, खांद्याला खांदा लावून बसलेली. दार बंद होतं, आवाज ऐकू येत नव्हता. मॅडमनी फळ्यावर एक प्रश्न लिहिला, त्याखाली चार पर्याय, आणि एकाभोवती गोल केला. मग त्या वर्गाकडं वळल्या. सगळी डोकी खाली होती, सगळे उतरवून घेत होते. मॅडम हातात मार्कर धरून वाट बघत उभ्या राहिल्या. कुणीतरी मान वर करेल, बहुतेक यासाठी. मीही काचेबाहेर तेवढा वेळ थांबलो.

कुणी मान वर केली नाही. मॅडम वळल्या, फळा पुसला आणि पुढचा प्रश्न लिहायला लागल्या.